ईसीसी ८३ म्हणून ईसीसी ८२ गळ्यात मारले : जुने व्हॉल्व्ह घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

दोन व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधी रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या) ७,८०० रुपये, एका ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचे ३,४५० आणि वर कुरिअरचे २८०. एकूण ११,५३० रुपये मोजले आणि घरी बांधलेल्या रेडिओचा आवाज होता त्याहून खाली गेला. ज्याने हा माल विकला तो आता फोन उचलत नाही. लिहायचीसुद्धा लाज वाटते, पण तोच माणूस तोच माल अजून विकतोय, म्हणून लिहितो आहे.

रेडिओ साधा आहे. रिजनरेटिव्ह डिटेक्टर (रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग), त्यापुढे आवाज वाढवायला ईसीसी ८३ या व्हॉल्व्हचा अर्धा भाग (त्याच्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात), मग आउटपुट व्हॉल्व्ह. लांबची स्टेशनं पकडतो, पण आवाज दबका. जुना ८३ थकलाय हे मोजून दिसत होतं, म्हणून नवा शोधायला निघालो. विक्रेत्याने 'न वापरलेला जुना साठा, जोडी जुळवून तपासलेली' अशी जाहिरात दिली होती. ही भाषा तुम्हाला माहीत आहेच. सोबत टेस्टरचा फोटो, काटा हिरव्या पट्ट्यात. लक्षात ठेवा, साधा टेस्टर फक्त कॅथोडमधून (व्हॉल्व्हचा तापून करंट सोडणारा भाग) करंट किती निघतो ते दाखवतो. व्हॉल्व्ह कोणता आहे हे तो काटा सांगत नाही.

ज्या क्षणाचा आजही संताप येतो तो पुढचा. पैसे देण्याआधी मी विचारलं होतं, दोन्ही ट्रायोडचा ट्रान्सकंडक्टन्स (सिग्नलच्या व्होल्टमागे करंट किती बदलतो तो आकडा) सांगा. उत्तर आलं : "एक २२००, दुसरा २१००. एकदम ताकदीचा माल आहे साहेब." २२००! ८३चा डेटाशीट काढून बघा, प्लेटला (करंट गोळा करणारा भाग) २५० व्होल्ट असताना १६०० मायक्रोम्हो (ट्रान्सकंडक्टन्सचं एकक) लिहिलेत. २२०० हा आकडा ८२चा आहे, अगदी छापील. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मी तुला दुसराच व्हॉल्व्ह देतोय, आणि मी आकडा मोठा म्हणून खूश झालो. कुणी म्हणेल तेव्हाच कळायला हवं होतं. पण प्रत्येकाच्या टेस्टरचे आकडे वेगळे येतात, हे या छंदातला कुणीही सांगेल. समोरचा माणूस आकडे इतक्या सहज देतोय म्हटल्यावर तो खोटं बोलत असेल असं कोण धरून चालतं?

ही लबाडी चालते कशी ते बघा. ८२ आणि ८३ दोन्ही नऊ पिनांचे, पिनांची जोडणी तीच, हीटरही तोच, ६.३ व्होल्टला ३०० मिलिॲम्पिअर. सॉकेटमध्ये बसतो, पेटतो, रेडिओ वाजतो. मुख्य फरक गेनमध्ये, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्यात. ८३चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, ८२चा जेमतेम १७ ते २०. गिटार ॲम्प्लिफायरवाल्यांमुळे ८३ला मागणी प्रचंड, म्हणून ८२वरची छाप पुसायची आणि ८३ची मारायची. माझ्या व्हॉल्व्हवरची पिवळी अक्षरं अंगठ्याने घासली तशी निघून आली. तेही मी मनावर घेतलं नाही, कारण खऱ्या जुन्या व्हॉल्व्हवरची छापसुद्धा अशीच निघते. काचेच्या तळाशी कोरलेला बारीक संकेत असेल तर त्याचा फोटो मागा. तो सहज पुसता येत नाही.

आवाज कमी आल्यावर मी विक्रेत्याला लगेच कळवलं. तो म्हणाला, "नवा व्हॉल्व्ह आहे, पन्नास तास चालवा, मग खुलेल." पन्नास तास! तोवर माल परत करायची मुदत संपली. हा डाव त्यासाठीच होता. इकडे मी माझ्याच सर्किटवर संशय घेऊन कपलिंग कपॅसिटर बदलले, व्हॉल्यूमचं पॉट बदललं.

शेवटी मीटर लावला. २५० व्होल्टचा पुरवठा, प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम. ८३ असता तर प्लेटवर साधारण १६० व्होल्ट दिसायला हवे होते. दिसले ७५. कॅथोडवर सव्वा-दीडच्या जागी अडीच व्होल्टच्या वर. २० मिलिव्होल्ट सिग्नल दिला तर ०.२६ व्होल्ट बाहेर आला, म्हणजे गेन १३. सर्किट धड असेल तर खरा ८३ तिथे पन्नासच्या वर देतो. व्हॉल्व्ह हातात आला की त्याच दिवशी ही मोजणी करा. (हाय व्होल्टेज आहे, धक्का छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात.)

ट्रान्सफॉर्मरचं तर बोलायलाच नको. १:३ लिहिलेलं, रंग ताजा. एका बाजूला १ व्होल्ट दिला तर दुसऱ्या बाजूला तीनच्या जागी १.१. त्याचे पैसे विक्रेत्याने "कमिशन वाचेल" म्हणून थेट खात्यावर घेतले होते. थेट खात्यावर कधीही पाठवू नका.

आता तक्रारीचं ऐका. विक्रीच्या साइटवाल्यांनी व्हॉल्व्हसाठी सांगितलं मुदत संपली, ट्रान्सफॉर्मरसाठी सांगितलं व्यवहार आमच्याकडे झालाच नाही. मोजणीचे फोटो पाठवले तर म्हणे अधिकृत प्रयोगशाळेचा दाखला आणा. रेडिओ व्हॉल्व्हचा दाखला देणारी प्रयोगशाळा कोणती, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बँकेने वस्तू मिळाली आहे म्हणून हात वर केले. पोलिसांकडे गेलो तर अंमलदाराने व्हॉल्व्ह हातात घेऊन विचारलं, "हा पेटतो ना? मग चालू आहे की." मी आकडे दाखवले, डेटाशीट दाखवला. ते म्हणाले हा दिवाणी मामला आहे, लेखी अर्ज ठेवून जा. अर्जाची पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेत. ऑनलाइन तक्रार केली ती एकाही फोनशिवाय 'निकाली' म्हणून बंद झाली. निकाल काय लागला, कुणाला विचारायचं? सोनं म्हणून पितळ विकलं असतं तर यांनी असंच वागवलं असतं का? रक्कम लहान, वस्तू अनोळखी, म्हणून माणूस खोटा ठरतो.

आणि एक. गेन हवा असेल तर व्हॉल्व्हच्या मागे लागण्याआधी कॅथोडच्या रेझिस्टरवर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे का आणि धड आहे का ते बघा. तो नसेल तर ८३चा गेन जवळपास निम्म्यावर येतो. माझा वाळलेला निघाला. तो बदलल्यावर माझा जुना, थकलेला ८३च आता त्या ७,८०० रुपयांच्या जोडीपेक्षा मोठ्याने वाजतोय.

"एक २२००, दुसरा २१००" आणि "पन्नास तास चालवा" ही दोन वाक्यं कुणी तुम्हाला ऐकवली, तर तो हाच माणूस समजा. पैसे पाठवू नका, आणि त्याचे मेसेज पुसू नका, मला तक्रारीला जोडायला हवेत.