स्टेशन रोड, केएमटीचा पास आणि आठ महिने

जूनमध्ये पहिल्याच पावसात स्कूटर घसरली आणि माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी ब्रेक दाबला की कळ कोपरापर्यंत जायची, म्हणून महिन्यापुरता केएमटीचा, म्हणजे कोल्हापूरच्या महापालिकेच्या बसचा, पास काढला. आता फेब्रुवारी आहे, हात कधीच बरा झाला, पण पास चालू आहे. कावळा नाक्याला चढायचं, दाभोळकर कॉर्नर, स्टँड करत व्हीनस कॉर्नरला उतरायचं आणि तिथून लक्ष्मीपुरीतल्या पेढीवर चालत जायचं, असा रोजचा रस्ता. स्टेशन रोडला फक्त बससाठी राखलेली लेन हवी की नको, यावर मी बोलते ती याच रस्त्यावरून.

बसचं कौतुक आधी करते. पावसात भिजणं संपलं, गाडी कुठं लावू ही रोजची कटकट संपली, महिन्याच्या खर्चात पेट्रोलचा आकडा राहिला नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्या येतात आणि रस्त्यावर मुंगीलाही वाट उरत नाही. तेव्हाही आमच्या ड्रायव्हरनी ज्या शांतपणे बस काढली, तसं मला स्कूटरवर कधी जमलं नसतं.

पण बसमध्ये बसणं आणि बसमधून उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आठ महिन्यांत नीट कळलं.

थांब्यावर बस फुटपाथला लागतच नाही. लागणार कशी? तिथं दोन चारचाकी उभ्या असतात, पुढं वडापच्या, म्हणजे शेअर रिक्षा, मागं कुणाचा तरी माल उतरवणारा टेम्पो. मग ड्रायव्हर बस रस्त्यातच थांबवतो. बस आणि उभ्या गाड्या यांच्यामध्ये जेमतेम हँडल जाईल एवढी फट उरते. मागून येणाऱ्या दुचाकीला उजवीकडनं वाट नसते, ती त्या फटीत शिरते, आणि बसचं दार नेमकं त्याच फटीत उघडतं.

सप्टेंबरमधली गोष्ट. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर, डावा हात दांडीला. गाडीचा आवाज आला आणि खांद्यावरची पिशवी जोरात ओढली गेली. पिशवीचा बंद त्या गाडीच्या हँडलला अडकला होता. बंद तुटला म्हणून मी वाचले. डबा रस्त्यावर आपटला, मटकीच्या उसळीचा रस्सा कारच्या दारावर उडाला, झाकण फिरत फिरत टेम्पोखाली गेलं. पोरगा कॉलेजचा असेल. गाडी उभी करून त्यानं वाकून झाकण काढलं. ते माझ्या हातात देताना त्याचे हात थरथरत होते. "मावशी, दिसलाच नाही तुम्ही," एवढंच म्हणाला. त्याच्यावर ओरडावं असं वाटलंच नाही. अकरा वर्षं त्याच फटीतून स्कूटर मीही काढत आले होते.

तेव्हापासून घरात बसलेनचा विषय निघाला की मी गप्प बसत नाही. आमच्या भाऊजींचं स्टेशन रोडला स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं, "वहिनी, गिऱ्हाईक काय बसनं येतंय व्हय? गाडी दारात लागली तर ते आत येणार, न्हाईतर पुढच्या दुकानात." पोटापाण्याचा प्रश्न आहे, हसण्यावारी न्यायचा नाही. पण आठ महिने रोज खिडकीतून बघते आहे. सकाळी दहाला दुकानासमोर लागलेली गाडी बऱ्याचदा संध्याकाळीही तिथंच असते. ती गिऱ्हाइकाची नसते, मालकाची किंवा कामगाराची असते. हे भाऊजींना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग पुण्यात बसलेन फसली, ते बघितलंसा न्हवं?"

बघितलं की. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसरला बसची लेन झाली, ती रस्त्याच्या मधोमध. दिल्लीत 2008 मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद झाली, तीही मधोमध, आणि 2016 मध्ये उखडून टाकली. लेन मध्ये असली की बस गाठायला माणसानं आधी धावत्या गाड्यांमधून अर्धा रस्ता ओलांडायचा. अहमदाबादला 2009 पासून मधली लेन चालते, पण तिथं मध्ये उंच बंदिस्त थांबे आहेत आणि बसचं दार उजवीकडेही आहे. आपल्या बसचं दार डावीकडं. मग आपली लेन डाव्या कडेलाच हवी, फुटपाथला चिकटून. दुकानं, रिक्षा, डावीकडं वळणारी वाहनं, सगळी भांडणं तिथंच आहेत हे मान्य. पण माणूसही तिथंच उतरतो.

कावळा नाक्यापासून दसरा चौकापर्यंत सलग लेन व्हावी, असं माझं म्हणणं नाही. जयंती नाल्याच्या पुलावर ती कुठं बसवणार? शिवाय मोकळी लेन दिसली की बसही जोरात सुटेल आणि दुचाकीवालेही आत घुसतील, ही भीती मलाही आहे. मला हवा आहे तो थांब्याच्या मागचा-पुढचा तुकडा. बस तिरकी आत शिरेल, सरळ होईल आणि बाहेर पडेल, एवढी मोकळी कड. बारा मीटरच्या बसला हे सगळं करायचं तर निदान तीन बसची लांबी लागते. थांब्याजवळ गाडी लावायला नियमानं आधीच मनाई आहे, म्हणजे नवा कायदा नको. ठळक पट्टा हवा आणि गर्दीच्या वेळी तिथं एक माणूस उभा हवा.

जानेवारीत सासूबाईंना घेऊन सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, गेले होते. त्या बहात्तर वर्षांच्या, हातात काठी. त्या दिवशी कशी कोण जाणे, थांब्याची कड मोकळी होती. ड्रायव्हरनं बस अगदी फुटपाथला टेकवली. दाराची पायरी आणि फुटपाथ यांत वीतभर अंतर. त्यांना धरायला मी हात पुढं केला, तर त्या काठी टेकून आपल्या आपण उतरल्या आणि मलाच म्हणाल्या, "चल, नंबर लागायचा हाय."

म्हणून सुरुवात सीपीआरच्या थांब्यापासून करा. तिथं उतरणाऱ्यांत आजारी, म्हातारी, पोटुशी माणसं जास्त, आणि कड मोकळी राहिली तर अडकलेल्या ॲम्ब्युलन्सलाही तेवढीच जागा. तिला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपये दंड आहे, पण वाट द्यायला जागाच नसेल तर गाडीवाला सरकणार कुठं? सीपीआरनंतर व्हीनस कॉर्नर, मग स्टँड. भाऊजींच्या दुकानासमोरचा थांबा चौथा घ्या, तोवर त्यांच्याशी मी बोलते.