कापणीची तारीख आणि रात्री बाराची गाडी : वेब फॉर्ममधल्या तारीख-वेळेच्या रकान्यांचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, मृग लागला त्याच आठवड्यात, सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी बुकिंगचा फॉर्म करून दिला. मी जळगावात वेबसाइटची कामं करतो. फॉर्म अगदी साधा आहे: शेतकऱ्याचं नाव, गाव, कापणी कोणत्या दिवशी, गाडी किती वाजता आणि पिकवण चेंबर (केळी पिकवायची बंद खोली) कधीपासून कधीपर्यंत. नाव आणि गाव अर्ध्या तासात झालं. उरलेले तीन रकाने मी आठ महिने दुरुस्त करतोय. त्या काळात काय टिकलं, काय काढून टाकावं लागलं आणि कुठे नुकसान झालं, ते इथे लिहितो. असं काम हातात असलेल्या कोणालाही त्याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी.

वापरणारे कोण, ते आधी सांगतो. रावेर-यावल पट्ट्यातले शेतकरी, कापणीच्या टोळ्यांचे मुकादम, गाडीचे ड्रायव्हर, आणि पेढीवर बसणारे दिवाणजी, ज्यांना सगळे काका म्हणतात. शेतकरी आणि मुकादम फोनवरून भरतात, तेही बहुतेक वेळा उन्हात, बांधावर उभे राहून. काका कॉम्प्युटरवर भरतात आणि हंगामात एका बैठकीत चाळीस-पन्नास नोंदी उरकतात. या दोघांच्या गरजा एक नाहीत. मला हे समजायला दोन महिने लागले.

सुरुवातीला मी एक तयार कॅलेंडर लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, लावली होती. दिसायला फार सुबक. रकान्यावर बोट ठेवलं की महिन्याचा चौकोन उघडायचा. पण रकान्यात टाइप करता येत नव्हतं, आणि छोट्या स्क्रीनवर तारखेचे आकडे एवढे जवळ होते की ४ दाबायला गेलं की ११ लागायची. दुसऱ्याच दिवशी पारोळ्याकडच्या एका मुकादमाचा फोन आला, "हाई तारीख लेत नही, भाऊ." त्यांनी तीनदा प्रयत्न केला होता आणि शेवटी कागदावर लिहून पाठवलं होतं. काकांची तक्रार वेगळी होती. त्यांचा हात कीबोर्डवर असतो, आणि प्रत्येक तारखेला तो माउसवर न्यावा लागत होता. पन्नास नोंदींत पन्नास वेळा.

तेव्हा ती लायब्ररी काढून ब्राउजरचाच साधा रकाना लावला, म्हणजे इनपुटचा टाइप 'डेट'. आठ महिन्यांनंतर माझा कौल यालाच आहे. फोनवर तो फोनचंच कॅलेंडर उघडतो. तेच कॅलेंडर माणसाने फोनवर आधी पाहिलेलं असतं, त्यामुळे शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरवर काका दिवस, महिना, वर्ष असे आकडे सरळ टाइप करतात आणि रकान्यातला कर्सर आपोआप पुढे सरकतो. एकेकाळी यावर भरवसा ठेवता येत नसे. क्रोममध्ये हा रकाना २०१२ पासून आहे, फायरफॉक्समध्ये तो २०१७ साली ५७ व्या आवृत्तीत आला, आणि मॅकवरच्या सफारीत तर २०२१ साली, १४.१ मध्ये. त्यामुळे लायब्ररीशिवाय पर्याय नाही असं सांगणारे जुने लेख अजून सापडतात. ते आता सोडून द्यायला हरकत नाही.

या रकान्याचा सगळ्यात मोठा गुण पडद्यावर दिसत नाही. माणसाला तो तारीख कशीही दाखवो, सर्व्हरला पाठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असाच मजकूर पाठवतो: २०२५-१२-०४. त्यात वाद नाही.

पण दाखवताना वाद आहे, आणि तो पेढीवरच झाला. हा रकाना तारीख कोणत्या क्रमाने दाखवतो, ते पानाच्या भाषेवर ठरत नाही, ब्राउजरच्या किंवा यंत्राच्या सेटिंगवर ठरतं. पान मराठीत असल्याने काहीच फरक पडत नाही. पेढीवरचा कॉम्प्युटर अमेरिकन इंग्रजीवर होता. तिथे ४ डिसेंबर ही १२/०४/२०२५ अशी दिसायची. काकांनी ती १२ एप्रिल वाचली आणि मला विचारलं, "अरे, एप्रिल तर होऊन गेला, तुझा फॉर्म घेतो कसा?" रास्त प्रश्न. पन्नास वर्षं खातेवही लिहिलेल्या माणसाने तारखेचा क्रम का बदलावा?

सेटिंग बदलून तो एक कॉम्प्युटर नीट झाला असता, पण दुसऱ्यांचे फोन माझ्या हातात नव्हते. म्हणून रकान्याखाली एक ओळ टाकली. तारीख निवडताच ती शब्दांत दिसते: 'गुरुवार, ४ डिसेंबर, २०२५'. जावास्क्रिप्टची (ब्राउजरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची) तारीख मराठीत मांडायची सोय ब्राउजरमध्येच असते. भाषा 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी, दिली की वार, महिना आणि देवनागरी आकडेसुद्धा तयार मिळतात, बाहेरचं काही जोडावं लागत नाही. फक्त हे आकडे दाखवण्यापुरते ठेवा. मी एकदा तेच एक्सेलच्या फाइलमध्ये जाऊ दिले, आणि हिशेबाच्या सूत्रांनी ती तारीख म्हणून ओळखलीच नाही.

आठ महिन्यांत केलेल्या सगळ्या कामांत त्या एका ओळीचं मोल सर्वांत जास्त आहे. कारण आमच्याकडे माणूस तारखेने नाही, वाराने बोलतो. "गुरुवारी माल कापायचा", "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गाडी लाव". ४ की ५ ते त्याला पाहावं लागतं, गुरुवार की शुक्रवार ते त्याला ठाऊक असतं. चुकीची तारीख दाबली गेली की ओळीतला वार त्याला खटकतो आणि तो स्वतःच दुरुस्त करतो. ही ओळ आल्यापासून तारीख बदलण्यासाठी पेढीवर येणारे फोन जवळपास थांबले.

आता नुकसानीची गोष्ट. ती माझ्याच चुकीची आहे.

मुकादमांना बहुतेक वेळा आजची किंवा उद्याचीच तारीख हवी असते, म्हणून रकान्याशेजारी 'आज' आणि 'उद्या' अशी दोन बटणं दिली. आजची तारीख काढायला मी सगळे वापरतात तीच युक्ती वापरली: जावास्क्रिप्टची आत्ताची वेळ घ्यायची, तिचा मजकूर करणारं 'टूआयएसओस्ट्रिंग' हे फंक्शन लावायचं आणि पहिली दहा अक्षरं कापून घ्यायची. जळगावात बसून शंभरदा तपासलं, शंभरदा बरोबर. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत कोणाची तक्रार नाही.

डिसेंबरात एका बुधवारी पहाटे पावणेपाचला एका मुकादमाने 'उद्या' दाबलं. गाडी त्याच दिवशी दुपारी बांधावर येऊन उभी राहिली. टोळी दुसऱ्या गावाला गेलेली, घड झाडावर, आणि ड्रायव्हर भाड्यासाठी अडून बसलेला. व्यापाऱ्याने मला फोन केला तेव्हा मी आधी म्हणालो की मुकादमानेच चुकीचं बटण दाबलं असेल. त्याबद्दल मी नंतर त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, कारण त्यांनी बटण बरोबरच दाबलं होतं.

चूक अशी होती. ते फंक्शन तारीख जागतिक प्रमाणवेळेत देतं, आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून नवा दिवस लागतो, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे साडेसहा वाजलेले असतात, संध्याकाळचे. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच एवढा वेळ माझं 'आज' बटण काल दाखवत होतं आणि 'उद्या' बटण आज. मी फॉर्म तपासायचो दिवसा. मुकादमाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, कारण ऊन चढण्याआधी टोळी शेतात पोचायला हवी. ज्या वेळात माझा फॉर्म खोटं बोलत होता, नेमक्या त्याच वेळात त्याचा खरा वापर होत होता.

दुरुस्ती चार ओळींची आहे. ते फंक्शन न वापरता वर्ष, महिना, दिवस हे तिन्ही स्थानिक वेळेचे घ्यायचे (महिना शून्यापासून मोजला जातो, त्यात एक मिळवायचा) आणि स्वतः जोडायचे. रकान्याची 'मिन' मर्यादा, म्हणजे चालणारी सगळ्यात आधीची तारीख, तीही मी त्याच चुकीच्या पद्धतीने काढली होती, म्हणजे पहाटे कालची तारीखसुद्धा चालत होती. ती मर्यादा बदलली. शिवाय सर्व्हरवर भारतीय वेळेने पुन्हा तपासणी लावली, कारण ब्राउजरची मर्यादा कोणालाही ओलांडता येते.

यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. कापणीची तारीख म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला एक चौकोन आहे. ती घड्याळातली घटका नव्हे, तिला टाइमझोन नसतो. जावास्क्रिप्टची 'डेट' मात्र नाव तारखेचं सांगते आणि आत घटका ठेवते. '२०२५-१२-०४' हा मजकूर तिला दिला की ती तो जागतिक वेळेतली मध्यरात्र समजते. आपण त्या वेळेच्या पुढे असल्यामुळे वाचताना निभावून जातं, आपल्याकडे ४ तारखेचे पहाटेचे साडेपाच निघतात. उलट दिशेने, म्हणजे लिहिताना, फसगत होते. म्हणून आता कापणीची तारीख फॉर्मपासून डेटाबेसपर्यंत मजकूर म्हणूनच जाते आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'डेट' प्रकारच्या कॉलममध्ये बसते. 'टाइमस्टॅम्प' प्रकार मी या कामाला वापरत नाही. तो टाइमझोनप्रमाणे वेळ फिरवतो, आणि त्याची मर्यादाही २०३८ च्या जानेवारीत संपते. जावास्क्रिप्टमध्ये 'टेम्पोरल' नावाची नवी सोय येते आहे. तिच्यात नुसत्या तारखेसाठी वेगळा प्रकार आहे, आणि २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या १३९ व्या आवृत्तीत ती आलीही. सगळ्यांच्या जुन्या फोनवर ती पोचेल तेव्हा मी आनंदाने वापरेन.

वेळेच्या रकान्याबद्दल मात्र माझं मत तितकं चांगलं नाही. टाइप 'टाइम' लावला, अर्ध्या तासाच्या टप्प्यासाठी 'स्टेप' १८०० दिली, कारण ती सेकंदांत द्यायची असते. कॉम्प्युटरवर बरं चाललं. पण काही फोनवर घड्याळ उघडतं ते हा टप्पा मानतच नाही. माणूस ४ वाजून १७ मिनिटं निवडतो, आणि फॉर्म पाठवताना त्याला चूक दाखवली जाते. ज्याने आधी निवडू दिलं, त्यानेच नंतर नाकारायचं, हे शेतकऱ्याला का पटावं? गाडीला १७ मिनिटांचा नेमकेपणा लागतच नाही. रस्त्यात पाऊण तास इकडे-तिकडे होतोच.

आणि रात्री बाराची गाडी. गुरुवारी रात्री बाराला गाडी हवी, असं शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात गुरुवारी जेवण झाल्यानंतरची रात्र असते. फॉर्ममध्ये गुरुवार आणि ००:०० निवडलं की ती बुधवारी जेवल्यानंतरची रात्र होते, पुरे चोवीस तास आधीची. एएम-पीएमचं घड्याळ असेल तर बारा एएम म्हणजे दिवसाचे की रात्रीचे, हा घोळ वेगळाच. भुसावळ जंक्शनच्या आसपास राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं, यावर घराघरात चर्चा होते.

मी वेळेचा रकाना काढून टाकला. आता तिथे साध्या यादीत दोन-दोन तासांचे टप्पे आहेत: 'पहाटे ४ ते ६', 'सकाळी ६ ते ८', 'दुपारी २ ते ४', 'रात्री ८ ते १०' असे. रात्रीचे दोन टप्पे वारासकट लिहिले आहेत: 'गुरुवारी रात्री १० ते १२' आणि 'गुरुवारची रात्र उलटून, शुक्रवारी १२ ते २'. वाक्य लांब झालं खरं, पण ते बदलल्यापासून बाराच्या गाडीचा एकही वाद झालेला नाही. तारीख आणि वेळ एकत्र घेणारा 'डेटटाइम-लोकल' रकानाही मी करून पाहिला होता. दोन्ही निवडी एकाच खिडकीत आल्या की बांधावरचा माणूस अर्ध्यात सोडतो. वेगवेगळे ठेवा.

याशिवाय लागवडीची तारीखही विचारत होतो. तिला तर कॅलेंडर लावणंच चूक होतं. "केळी कधी लावली?" याचं उत्तर आमच्याकडे तारखेत मिळत नाही. मृग बाग की कांदे बाग, एवढं नक्की मिळतं. मृग बाग जून-जुलैची, कांदे बाग ऑक्टोबर-नोव्हेंबरची. कॅलेंडर होतं तोपर्यंत लोक वाटेल तो दिवस दाबून पुढे जायचे, म्हणजे डेटाबेसमध्ये नेमकी दिसणारी पण खोटी तारीख पडायची. आता दोन याद्या आहेत, बाग आणि वर्ष. माल केव्हा तयार होईल त्याचा अंदाज बांधायला व्यापाऱ्याला तेवढं पुरतं. निव्वळ महिना विचारायचा असेल तर टाइप 'मंथ' आहे, पण कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्स आणि सफारीत त्याचं कॅलेंडर मिळत नाही, साधा मजकुराचा रकाना दिसतो. त्याच्या नादी लागू नका.

जन्मतारखेला, ती ड्रायव्हरच्या नोंदणीत लागते, तीन छोटे रकाने दिले: दिवस, महिना, वर्ष. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटच्या डिझाइन नियमांतही पाठ असलेल्या तारखेसाठी हीच पद्धत सांगितली आहे. आधी कॅलेंडर होतं, तेव्हा एक ड्रायव्हर मागे जाण्याचा बाण दाबत १९७१ पर्यंत निघाला होता. वरच्या वर्षावर दाबलं की वर्षांची यादी उघडते, हे त्याला कोण सांगणार? तीन रकान्यांत एकच काळजी घ्या: ३० फेब्रुवारी लिहिली तर जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, गुपचूप मार्चमध्ये नेऊन ठेवते. जोडलेली तारीख परत सुटी करून महिना तोच राहिला का, ते तपासा.

चेंबरच्या 'कधीपासून-कधीपर्यंत'साठी मात्र लायब्ररीच ठेवली, फ्लॅटपिकर. ब्राउजरच्या रकान्यात दोन तारखांचा पट्टा एकत्र निवडता येत नाही, फ्लॅटपिकरमध्ये येतो. आधीच भरलेले दिवस बंद करून दाखवता येतात, महिन्यांची नावं मराठीत भरता येतात. केळी पिकायला चेंबरमध्ये चार-पाच दिवस लागतात, त्यामुळे पट्टा डोळ्यासमोर दिसला की चेंबर कधी मोकळा होतो ते काकांना लगेच कळतं. हा रकाना फक्त पेढीवर, मोठ्या स्क्रीनवर वापरला जातो. तिथे तो उत्तम आहे.

कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये तारखेच्या रकान्यात कुठेही दाबलं तरी कॅलेंडर उघडत नाही, कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हावरच दाबावं लागतं. 'शोपिकर' नावाचं फंक्शन रकान्याच्या क्लिकला जोडलं की तेही सुटतं.

गेल्या आठवड्यात मुकादमांनी 'परवा'चं बटण मागितलं. करून दिलं. बुधवारी पहाटे पावणेपाचचा अलार्म लावून उठलो आणि फोनवर ते दाबून पाहिलं. खालच्या ओळीत शुक्रवार आला.