ट्रान्सपोर्टच्या बिलाची आरएआर फाइल, आणि गेलेले 2,37,500 रुपये

इतवारीतल्या आमच्या होलसेल दुकानाला एका आरएआर फाइलने (अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेली, विनरार नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची फाइल) 2,37,500 रुपयांना बुडवलं. ओटीपी कोणी मागितला नाही, लिंक आली नाही, फोनही नाही. 'तुम्हीच काहीतरी दिलं असेल' म्हणणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचा.

मेल नेहमीच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या खऱ्या आयडीवरूनच होता, कारण त्याचाच मेल आधी हॅक झाला होता. सोबत बिलाची आरएआर फाइल. पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस चालू होता, तो गप्प. अकाउंटंटने विनरारच्या यादीतच पीडीएफवर डबल क्लिक केलं आणि बिल उघडलंसुद्धा. संशय घ्यायचा कशावर?

घेता आला असता, आणि तेच डोक्यातून जात नाही. त्या यादीत एकच नाव दोनदा होतं: एक पीडीएफ, आणि अगदी त्याच नावाचं फोल्डर, शेवटच्या स्पेससकट. 6.23 व्हर्जनच्या आधीचं विनरार अशा वेळी त्या फोल्डरातली फाइलही विंडोजच्या टेम्प (तात्पुरत्या) फोल्डरात काढतं, आणि नावामागच्या स्पेसमुळे पीडीएफऐवजी आतली सीएमडी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम देणारी फाइल, चालते. ती आपला कारभार उरकून मग बिल दाखवते! ही फट ऑगस्ट 2023 मध्येच बुजवली होती. दुकानात 5.91. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, आणि '40 दिवसांची' ट्रायल वर्षानुवर्षं चालते, मग व्हर्जन कोण बघतो? हेल्पमध्ये अबाउट उघडा, आत्ता.

ब्राउझरमधले सेव्ह पासवर्ड गेले. मग भंडाऱ्याच्या गिऱ्हाइकाला आमच्याच मेलवरून 'बँक खातं बदललं' असं पत्र गेलं, त्याने आरटीजीएस केला. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय रुपयाही सोडू नका.

आता यंत्रणा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, ज्याच्या खात्यातून गेले त्यानेच तक्रार करावी. गिऱ्हाईक म्हणतो, मी तर पैसे दिले. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "काहून हो, तुमचे पैसे गेलेच कुठी?" बँकेत यूटीआर (त्या व्यवहाराचा) नंबर मागितला, तो गिऱ्हाइकाकडे, आणि वर सल्ला: कॉम्प्युटर फॉरमॅट मारून घ्या. म्हणजे होता तो पुरावाही पुसा! तोवर समोरचं खातं रिकामं.

'आधी एक्सट्रॅक्ट करा (आरएआरमधून फाइल बाहेर काढा), मग उघडा' हा सल्ला अर्धाच. विनरारची 2025 ची फट नेमकी एक्सट्रॅक्ट करतानाच फाइल स्टार्टअप फोल्डरात (कॉम्प्युटर सुरू होताच त्यातलं आपोआप चालतं) टाकायची, ती 7.13 मध्ये बंद झाली. विनरारऐवजी सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये, 25.01 च्या खालचं ठेवू नका, तेही आपोआप अपडेट होत नाही. पासवर्ड लावलेली फाइल आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये असेल तर ती अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणूनच.

आणि मेलचा पासवर्ड बदलून थांबू नका. सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. आमच्याकडे त्या गिऱ्हाइकाचे सगळे मेल थेट ट्रॅशमध्ये टाकणारा फिल्टर लावलेला होता. पासवर्ड बदलल्यावरही तो तसाच चालू होता.