पियानोला घातलेली पोरगी आधी गायला शिकली: नऊ महिन्यांचा अनुभव

माझं कृषी केंद्र आहे. पावती फाडल्याशिवाय पैसा सुटत नाही, तेव्हा हिशेबानंच सांगतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, पियानोचा क्लास तिथून १४ किलोमीटर, आर्वीत. गेल्या जुलैत आठ वर्षांची पोरगी आणि दहा वर्षांचा पुतण्या, दोघांना घातलं. एकाचे महिन्याला ९०० रुपये, रविवारी सकाळी तासभर, आणि पालकानं सोबत बसायचंच अशी अट. ही अट फी भरल्यावर कळली.

तान्हा पोळा आला, गेला. लाकडी बैल माळ्यावर चढले, तरी पोरांनी पियानोच्या पट्टीला बोट लावलं नव्हतं. नुसतं गायचं, टाळ्या वाजवायच्या आणि हाताच्या खुणा करायच्या: मूठ वळली की सा, पंजा आडवा धरला की ग, तळवा छातीकडे वळवला की प. घरी पोरगी हेच करत बसलेली पाहून तिचे आबाजी म्हणाले, "नऊशे रुपये देऊन पोट्टी नुस्ते हात हालवून राह्यली का बाप्पा?"

मी भांडायलाच गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, "पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. पेटी असो की पियानो, कानाला काही काम उरत नाही. जो सूर हिला मनात ऐकू येतो, तोच हिच्या बोटाला देईन." मला तेव्हा हे फी न परत करायचं बोलणं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. लहानपणापासून पियानो, मग पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं, पुढं पुण्यात बरीच वर्षं गायकांना साथ. सासऱ्यांच्या आजारपणात आर्वीला आल्या त्या राहिल्याच. स्वतःच्या कार्यक्रमांबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटोपतात, पण साथीचा विषय निघाला की तास संपतो. गाणारा कुठं श्वास घेणार हे वाजवणाऱ्याला त्याच्या आधी कळलं पाहिजे, म्हणतात. म्हणून पोरांनाही वाजवताना ओळ मनात म्हणायला लावतात आणि श्वास जिथं संपतो तिथंच हात उचलायला लावतात. त्यांच्या शिकवण्याचं मूळ मला तरी या साथीत दिसतं.

खुणा मात्र त्यांच्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात संगीतशिक्षक जॉन कर्वेन यांनी त्या रूढ केल्या आणि हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या (१८८२–१९६७) पद्धतीत त्या जगभर गेल्या. हे कोदाय आणि त्यांचे मित्र बेला बार्टोक खेड्यापाड्यांत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन फिरायचे आणि शेतकऱ्यांची गाणी गोळा करायचे. मूल आधी आपल्या बोलीतलं गाणं गाईल, वाद्य नंतर, हा त्यांचा आग्रह.

आर्वीत हे कसं उतरलं ते ऐका. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, शेतात लांब असलेल्या आईला हाक कशी मारता? सगळी पोरं ओरडली, "आ‑ईऽ!" वरून खाली येणारे दोन सूर. तेच प आणि ग, तोच पहिला धडा. मग भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली, तेव्हा पोरींना आज्यांकडून गाणी शिकून यायला सांगितलं. ही गाणी चार‑पाच सुरांत फिरतात, लहान गळ्याला ताण पडत नाही. कोदाय ज्या पाच सुरांवर भर देतात ते सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप रागच. हे कळल्यावर आबाजींचा विरोध अर्धा मावळला. उरलेला अर्धा खंजिरीनं घालवला. गुरुदेव भजनी मंडळात त्यांची चाळीस वर्षं गेली, राष्ट्रसंतांची भजनं तोंडपाठ. मॅडमनी त्यांना एक रविवार खंजिरी घेऊन बोलावलं आणि पोरांना त्या ठेक्यावर चालायला लावलं. त्या दिवसापासून म्हातारा मोटारसायकलवर माझ्या आधी बसतो.

ऑक्टोबरात, कोजागिरीनंतर, पट्टी आली. बार्टोकनं शिकणाऱ्यांसाठी, सोप्याकडून अवघडाकडं जाणारी १५३ तुकड्यांची मालिका लिहिली आहे, सहा भागांत. तिच्या सुरुवातीला दोन्ही हात एकच चाल वाजवतात. पोरगी आधी चाल गाते, मग खुणांनी दाखवते, मग वाजवते. चुकली की माझ्याकडं पाहत नाही, स्वतःच थांबते. हे मला नवीन होतं. शाळेत मात्र उलट झालं. स्नेहसंमेलनात तिला "जोरात म्हण" म्हणून मागं उभं केलं. मॅडमकडं ओरडायला बंदी आहे. त्या लहान मुलांचा आवाज हलका, डोक्यात घुमणारा ठेवतात. माइक नसलेल्या मांडवात तो पोचत नाही, हेही खरंच.

वाद्याबद्दल. मी आधी बाजारातून स्वस्तातला कीबोर्ड आणला आणि पैसे बुडवले. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज एकच. आणि पियानोत नेमकं याच्या उलट असतं. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हातोडीनं तार वाजवणारं हे वाद्य बनवलं, आणि त्याचं नावच पडलं "हळू आणि जोरात" या अर्थाचं. पट्टीला दाब कळत असेल असाच घ्या, पट्ट्या पूर्ण आकाराच्या, ६१ तरी हव्यात. आमचा दुसरा सहा पेन्सिल सेलवरही चालतो. लाइनचा भरवसा नसलेल्या गावात हे आधी विचारा. मॅडमकडं ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल आहे. खरा का नाही आणला? त्यात दोनशेच्या वर तारा. मेचं कोरडं ऊन, जुलैची ओल, लाकूड आकसतं‑फुगतं, सूर हलतात. लावणारा माणूस आर्वीत कोण बोलावणार?

तक्रारी आहेतच. कापूस वेचणीत आमचे पाच रविवार बुडाले, एकाचेही पैसे वळते झाले नाहीत. बुधवारचा व्हिडिओ क्लास फसला: आवाज उशिरा पोचतो, सोबत गाताच येत नाही. शेवटी त्यांनी तो बंद करून व्हॉट्सअ‍ॅपवर गाणं पाठवायला सुरुवात केली, ते बरं चाललंय. परीक्षेचं नाव काढलं की "अजून नाही." मला भिंतीवर लावायला एक कागद हवा होता, लपवत नाही.

पुतण्या डिसेंबरात सुटला. त्याला सिनेमाची गाणी हवी होती, ती तीन महिन्यांत दुसरीकडं वाजवूनही दाखवली त्यानं, डाव्या हातासकट. पोरगी अजून चार ओळींपलीकडं नाही. पण परवा भजनात आबाजींनी सूर धरला, ती आत जाऊन कीबोर्डवर बोट ठेवून आली आणि म्हणाली, "आबाजी, आज तुमचा सा काळी दोनवर आहे, काल काळी एकवर होता." आबाजी दोन दिवस हे गावभर सांगत होते.

येत्या जूनपासूनची फी भरली आहे. पुतण्याची जागा रिकामी आहे, आर्वीकडचं कुणी असेल तर बघा. मात्र आठ वाजता पोचायचं, आणि टाळ्या तुम्हालाही वाजवाव्या लागतील.