एका चिन्हाच्या ‘लायसन्स’साठी साडेचार हजार

माझ्या प्रबंधात सरासरी संकलनाचे (इंटिग्रलचे) चिन्ह, म्हणजे मधोमध आडवी रेघ असलेले संकलनचिन्ह, जवळजवळ प्रत्येक पानावर येते. लाटेक या गणिती मजकूर जुळवण्याच्या संगणकप्रणालीच्या मूळ कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टमध्ये ते नाही हे खरे आहे, आणि त्याच गोष्टीचा आधार घेऊन अक्षरजुळणी करणाऱ्याने मला फसवले. “मॅडम, हे चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून आणावे लागेल, त्याचे लायसन्स विकत घ्यावे लागते,” असे सांगून त्याने पानांच्या दराव्यतिरिक्त 4,500 रुपये घेतले. पावतीवर फक्त ‘स्पेशल सिम्बॉल’ असे लिहिले होते आणि मी फॉन्टचे नावही विचारले नाही.

खरे संकलनचिन्ह मजकुराच्या ओळीत लहान आणि स्वतंत्र सूत्रात मोठे होते. माझ्या प्रतीत मात्र हे चिन्ह सगळीकडे एकाच मापाचे होते, त्यामुळे ते जिथे आले तिथे ओळी फाकल्या होत्या. पीडीएफ 400 टक्के मोठी करून पाहिली, तेव्हा शेजारच्या साध्या संकलनचिन्हाची कड स्वच्छ राहिली आणि याची करवतीसारखी दातेरी झाली. ते चिकटवलेले चित्र होते. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधील फॉन्टच्या यादीतही नवे नाव नव्हते.

जाब विचारल्यावर त्याने ईएसइंट हे, या चिन्हासह निरनिराळी संकलनचिन्हे देणारे लाटेकचे पॅकेज सरसकट घातले. ते साधी संकलनचिन्हेही बदलते, त्यामुळे तपासून झालेल्या सगळ्या पानांवरची चिन्हे निराळ्या वळणाची झाली. शेवटी एका सहकाऱ्याने समजावले की ईएसइंट सीटॅनवर, म्हणजे लाटेकच्या पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारात, विनामूल्य मिळते आणि ते पूर्ण घालण्याची गरजच नसते: ‘डिक्लेअरसिम्बॉलफॉन्ट’ या आज्ञेने फॉन्ट जोडायचा, ‘डिक्लेअरमॅथसिम्बॉल’ने त्यातील एकाच चिन्हाला नाव द्यायचे, की बाकीची चिन्हे जशीच्या तशी राहतात. (नेहमीच्या लाटेकमध्ये गणिताच्या फॉन्टगटांना 16ची मर्यादा असल्याने आधीच बरेच फॉन्ट घातलेले असतील तर अडचण येऊ शकते, पण तिच्याशी लायसन्सचा काही संबंध नाही.)

कोणी चिन्हासाठी वेगळे पैसे मागितले, तर फॉन्टचे नाव आणि लायसन्सचे बिल मागा, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पीडीएफमधील फॉन्टची यादी पाहून टेक्स फाइल, म्हणजे जिच्यापासून पीडीएफ तयार होते ती मूळ फाइल, ताब्यात घ्या. मला ती फाइल मिळाली नाही. पैसे परत मागितले तेव्हा “ते मेहनतीचे होते” असे उत्तर आले. मेहनतीचे म्हणून मागितले असते, तर मी ते आनंदाने दिले असते.