पवनीचा जुना नदीकाठ : पायी पाहावा, विचारत पाहावा

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या सफारीला येणारी बरीच मंडळी पवनीच्या बाजूने आत शिरतात, वाघ दिसला तर खुशीत, आणि न दिसला तर 2016 मध्ये बेपत्ता झालेल्या ‘जय’ या वाघाच्या गोष्टी काढत, तशीच परस्पर नागपूरला निघून जातात. उरलेले गोसीखुर्द धरणावर फोटो काढून परततात. भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठाला बिलगून असलेले जुने पवनी मात्र या दोघांच्याही वाटेत येत नाही, आणि माझ्या मते तालुक्यात अर्धा दिवस घालवण्यासारखे ठिकाण तेच आहे.

नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे आणि भंडाऱ्याहून अड्याळमार्गे एसटीने येता येते. बसस्थानकावरून ऑटोने जवाहर गेटपर्यंत यावे आणि तेथे ऑटो सोडून द्यावा. पुढच्या गल्ल्या अरुंद आहेत. चारचाकी घेऊन घाटापर्यंत जाण्याचा हट्ट धरणाऱ्यांना समोरून धानाची पोती लादलेली गाडी आली की मागे सरकत मुख्य रस्ता गाठावा लागतो, आणि हा कार्यक्रम ओट्यावर बसलेली मंडळी निवांतपणे पाहत असतात. पायी निघालेल्या माणसाला येथे रस्ता सापडणे अवघड नाही, कारण ज्याला विचारावे तो अर्ध्या वाटेपर्यंत सोबत येतो. गावाच्या तीन बाजूंना तटबंदी व खंदक आणि चौथ्या बाजूला नदी अशी ही जुनी रचना आहे. दरवाजातून आत शिरताना डावी-उजवीकडे तटाचा चढ नीट पाहिला, तर नदीच्या बाजूला भिंत घालण्याची फारशी गरज का पडली नसावी हे घाटावर पोहोचल्यावर आपोआप उमगते.

घाटांपैकी वैजेश्वर घाट सर्वांत गजबजलेला असतो. अस्थिविसर्जनासाठी दूरदूरच्या गावांतून लोक येथे येतात, म्हणून सकाळी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनी थोडे भान ठेवावे. कोणाच्या दुःखाच्या विधीत आपला फोटोचा कोन शोधत उभे राहणे बरे दिसत नाही. पायऱ्या दगडी आहेत. वरच्या पायऱ्यांच्या कडा पावलांनी झिजून गोलसर झाल्या आहेत, पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, आणि मधल्या पायऱ्यांवर, दुर्दैवाने, खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पिचकाऱ्या आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पन्न्या एका कोपऱ्यात साचल्या होत्या व कचरापेटी जवळपास दिसली नाही. महिलांसाठी कपडे बदलण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय समाधानकारक नव्हती. ज्या घाटावर बाराही महिने बाहेरगावचे लोक येतात, तेथे ही उणीव मला सर्वांत मोठी वाटली.

नदीत ढिवर या मासेमार समाजातल्या बांधवांचे डोंगे दिसतात, पण ते मासेमारीचे आहेत. कोणी हौसेने फिरवून आणायला तयार झालाच, तरी जीवरक्षक जाकीट नसेल तर बसू नये. शिवाय गोसीखुर्द धरण गावाच्या वरच्या अंगाला आहे. 22 एप्रिल 1988 रोजी भूमिपूजन झालेल्या या धरणाला 33 दरवाजे असून, ते उघडले की काठावरचे पाणी पाहता पाहता चढते. ऑगस्ट 2020 च्या अखेरच्या महापुरात पवनीकरांनी हे चांगलेच अनुभवले आहे. म्हणून पावसाळ्यात जाणाऱ्यांनी विसर्गाची बातमी पाहूनच निघावे आणि स्थानिक माणूस “आज खाली उतरू नका जी” म्हणाला तर वाद घालू नये.

गावातला पंचमुखी गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक असल्यामुळे त्याचा पत्ता कोणीही सांगतो. खरी परीक्षा स्तूपांच्या टेकड्या शोधताना होते. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे मिळून उत्खनन केले, त्यात जगन्नाथ टेकडी व चांदकापूरची हरदोलाला टेकडी या ठिकाणी बौद्ध स्तूपांचे अवशेष, कोरीव कठड्यांचे खांब आणि दान देणाऱ्यांची नावे असलेले ब्राह्मी लेख हाती आले, आणि दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठावर केवढी वर्दळ असेल याचा पुरावाच मिळाला. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्पही येथलेच, आणि महाक्षत्रप (शक काळातला मोठा प्रांताधिपती) रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभही पवनीतच सापडला. इतका ऐवज निघालेल्या गावात या सर्वांची एकत्र माहिती देणारा एकही ठळक फलक मला वाटेत आढळला नाही. शाळेची सहल आणणाऱ्या गुरुजींनी आधी घरी वाचून यावे, नाहीतर मुलांना मातीचा उंचवटा तेवढा दिसेल.

जेवणासाठी मोठी हॉटेले शोधू नयेत. बाजारातल्या एका साध्या भोजनालयात भात, वरण आणि नदीच्या झिंग्यांची झणझणीत भाजी मिळाली. भाजीत तेल हात सैल सोडून घातले होते, पण झिंगे ताजे होते आणि भात चौरास भागातल्या धानाचा, मोकळा शिजलेला होता. कोष्ट्यांच्या हातमागाची परंपरा असलेल्या या गावात कोशाचे (टसर रेशमाचे) कापड पाहण्याची इच्छा असेल, तर दुकानापेक्षा विणकराच्या घरी विचारावे. सूत कोणते व किती हे तेथे उघडपणे सांगतात, आणि घासाघीसही कमी करावी लागते.

हिवाळ्यात सकाळी आठच्या आत घाटावर पोहोचावे, टेकड्या उन्हे चढण्यापूर्वी उरकाव्यात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना वैजेश्वर घाटाच्या वरच्या टप्प्यावरूनच नदी दाखवावी. खाली उतरणे सोपे आहे, पण चढताना धरायला कठडा नाही. परतीच्या एसटीची वेळ उतरतानाच चौकशी खिडकीवर विचारून ठेवावी.