टाकीतला फ्युएल पंप बदलल्यानंतरचे नऊ महिने

माझी गाडी २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. तिचा टाकीतला फ्युएल पंप मला एका वर्षात दोनदा बदलावा लागला आणि पहिल्या वेळचा खर्च काहीही न मोजता केलेल्या घाईमुळे पूर्ण वाया गेला. दुसऱ्या वेळी बसवलेल्या पंपावर गाडी नऊ महिन्यांत सुमारे ११,००० किलोमीटर चालली असल्यामुळे आता त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

त्रासाची सुरुवात खंबाटकीच्या घाटात झाली. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळपर्यंतच्या सपाट रस्त्यावर गाडी कोणतीही तक्रार न करता चालत असे, पण घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की ती उचल घेण्याऐवजी झटके देऊ लागे, आणि पाय थोडा सैल केला की पुन्हा सुरळीत चाले. शिवाय सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन चालू होईनासे झाले होते. मी ज्या गॅरेजमध्ये गेलो तेथे आधी स्पार्क प्लग बदलले, मग इग्निशन कॉइल बदलली, आणि तरीही फरक पडेना तेव्हा १,८०० रुपयांची बाजारातली पंपाची मोटर आणून जुन्या मॉड्यूलमध्ये (मोटर, जाळी वगैरे एकत्र असलेल्या पंपाच्या संचात) बसवली. तीन महिने गाडी बरी चालली. त्यानंतर मागच्या सीटखालून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला आणि पुढच्याच घाटात तेच झटके पुन्हा सुरू झाले.

या वेळी मी साताऱ्यातील एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. "साहेब, आधी प्रेशर बघू, मग पंप काढायचा की नाही ते ठरवू," हे त्यांचे पहिले वाक्य होते. इंधनाच्या नळीत टी (तीन तोंडांचा सांधा) जोडून त्यांनी दाब मोजणारा गेज लावला. माझ्या गाडीला सुमारे ३ बार दाब हवा. तो आयडलिंगला कसाबसा २.६ दिसत होता आणि रेस दिल्यावर २ च्या खाली घसरत होता. इंजिन बंद केल्यावर तर काटा दोन मिनिटांत शून्यावर आला. पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप, धरत नसेल तर रात्रभरात नळीतले पेट्रोल टाकीत परत उतरते, आणि म्हणून सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. अशा वेळी चावी ऑन करून दोन सेकंद थांबावे, ऑफ करून पुन्हा ऑन करावी आणि मगच सेल्फ मारावा, म्हणजे तात्पुरते भागते.

त्यानंतर त्यांनी इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजले. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना पंपाच्या कनेक्टरवर जेमतेम ११.६ पोहोचत होते. मागची सीट उचलून गालिचा दूर केला तेव्हा खालचा पत्रा ओलसर निघाला आणि पंपाची अर्थ वायर ज्या बोल्टला आवळली होती त्यावर गंजाचा जाड थर सापडला. पावसाळ्यात दाराच्या रबरातून पाणी आत झिरपत होते. मग पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले, जेणेकरून नळीतला दाब उतरावा, बॅटरीची निगेटिव्ह सोडली आणि मॉड्यूल बाहेर काढले. तळाची पेट्रोल गाळणारी जाळी पाहून मला वाईट वाटले. पांढरट असायला हवी ती जाळी उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी काळपट तपकिरी झाली होती आणि बोटाने चोळली की गाळ हाताला लागत होता. पहिल्या गॅरेजने नवी मोटर या तुंबलेल्या जाळीवरच बसवली होती. मोटरला पेट्रोल ओढण्यासाठी झगडावे लागत होते, आणि शिट्टीसारखा आवाज त्याचाच होता.

मी गाडीच्या कंपनीचे पूर्ण मॉड्यूल घेतले: मोटर, जाळी, प्रेशर रेग्युलेटर आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा तरंगता भाग) एकत्र, ६,४०० रुपयांना. अर्थ पॉइंट घासून नवा बोल्ट लावल्यावर कनेक्टरवर १३.५ व्होल्ट मिळाले. माझ्या मते निम्मा गुण या बोल्टचा आहे. दाराचे रबरही त्याच दिवशी बदलले. दोन दिवसांनी गाडीत पेट्रोलचा वास आला तेव्हा मी लगेच ती परत नेली. टाकीच्या तोंडावरची रबरी रिंग बसवताना पिळली गेली होती, म्हणून दुसरी नवी घातली. हा वास कोणीही अंगावर काढू नये.

तेव्हापासून सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन चालू होते आणि खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये विनातक्रार चढते. मायलेज मात्र वाढलेले नाही; ते आधीही १५ च्या आसपास होते आणि आजही तेवढेच आहे.

माझी सवय मात्र मी बदलली आहे. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलमुळे थंड राहतो आणि त्याच पेट्रोलवर त्याला वंगण मिळते. वर्षानुवर्षे रिझर्व्हवर गाडी पळवून मी त्याला तापवत होतो. आता काटा पाव टाकीवर आला की पेट्रोल भरतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, तर माझ्या गाडीच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे छापले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि टाकीत बसलेला जुना गाळही सुटा करते, म्हणून ४०,००० किलोमीटर झाल्यावर जाळी काढून पाहायची असे ठरवले आहे.

एक उणीव सांगायलाच हवी. नवा फ्लोट बसवल्यापासून टाकी पूर्ण भरली तरी काटा शेवटच्या रेषेच्या किंचित खालीच थांबतो. गेल्या आठवड्यात त्यासाठी गेलो असता मेकॅनिकनी पुन्हा गेज लावला: रेस दिल्यावरही दाब ३ बारवर स्थिर होता आणि इंजिन बंद केल्यानंतर वीस मिनिटांनी २.७ होता. काट्यासाठी टाकी पुन्हा उघडायची नाही असे आम्ही दोघांनी ठरवले.